रोबोट बंद पडला? कार्ड बदलण्याआधी मीटर लावा



मागच्या व्हिडिओत आपण जुना वेल्डिंग रोबोट विकत घेताना काय काय तपासायचं ते बघितलं. आज त्याच्या पुढचा विषय. रोबोट घेतला, बसवला, वर्षभर छान चालला आणि एक दिवस कंट्रोलरवर लाल अलार्म आला. सर्व्हिसवाला येतो, पंधरा मिनिटं पॅनलमध्ये डोकावतो आणि म्हणतो, "शेठ, कार्ड गेलंय."

आता तुमच्यासमोर दोन रस्ते असतात. एक, मान हलवायची आणि ॲडव्हान्स द्यायचा. दोन, त्याला एकच प्रश्न विचारायचा : "कार्ड गेलं हे कशावरून? काय मोजलं?"

आजचा पूर्ण लेख या एका प्रश्नावर आहे. कारण कार्ड जळणं हा बऱ्याचदा आजार नसतो, ते आजाराचं लक्षण असतं. आजार तसाच ठेवून नवीन कार्ड बसवलं, तर तेही जळतं.

दोन कार्डं जळाली, दोष मात्र केबलचा

हा प्रसंग मी डोळ्यांनी बघितलाय, म्हणून सांगतो. भोसरीतलं एक छोटं फॅब्रिकेशन युनिट. एकच सहा ॲक्सिसचा वेल्डिंग रोबोट, आणि धंद्याचं जवळपास सगळं काम त्याच्यावर. एक दिवस तिसऱ्या ॲक्सिसवर ओव्हरकरंटचा अलार्म आला. ऑपरेटरने रीसेट केला, रोबोट चालला. तासाभराने पुन्हा तेच. पुन्हा रीसेट. असं दिवसभरात आठ-दहा वेळा झालं आणि संध्याकाळी रीसेटही होईना.

सर्व्हिसवाल्याने सर्वो ड्राइव्ह बदलला. तो दीड दिवस चालला आणि गेला. रिपेअर केलेलं कार्ड खराब निघालं म्हणून दुसरं मागवलं. ते तर दुपारच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही.

त्यानंतर मला फोन आला. मी धंद्याचं ट्रेनिंग देतो हे खरं, पण त्याआधी बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेली आहेत. गेलो, आणि कार्डाकडे न बघता केबलच्या मागे चालत गेलो. कंट्रोलरपासून रोबोटच्या पायापर्यंत जाणारी मोटर केबल ट्रेमधून बाहेर आलेली, जमिनीवर पडलेली. तिच्यावरून रोज पॅलेट ट्रक जात होता. एका जागी वरचं आवरण चिरलेलं, आणि शॉप धुताना पाणी आत गेलेलं. मेगर लावला, एक फेज अर्थला जवळजवळ चिकटलेली.

केबल बदलली, ट्रेमध्ये बांधली, मगच तिसरं कार्ड बसवलं. तो रोबोट आजही चालू आहे. पण दोन कार्डांचे पैसे गेले ते गेलेच. त्याहून वाईट म्हणजे नऊ दिवस डिस्पॅच थांबला आणि ग्राहकाने पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली. मालक मला एवढंच म्हणाले, "सर, मेगर तर आमच्या वायरमनकडे पण होता हो."

मित्रांनो, हेच आपल्याला टाळायचंय.

आधी जिवाचं बोलू

पुढे जी मोजमापं सांगणार आहे ती तुम्ही स्वतः करायची नाहीत. लायसन्स असलेल्या, पॅनलवर काम केलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायची. तुम्ही काय मोजलं जातंय हे समजून शेजारी उभं राहायचं, हातभर लांब.

का? कंट्रोलरमध्ये तीन फेजचा एसी आधी डीसी होतो. ४१५ व्होल्ट थेट रेक्टिफाय केला तर डीसी बसवर साधारण ५८५ व्होल्ट तयार होतात. ज्या कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज २०० च्या आसपास आणलेलं असतं, तिथेही डीसी बस ३०० च्या घरात असते. आणि मेन स्विच बंद केला तरी हे व्होल्टेज लगेच जात नाही, कपॅसिटरमध्ये साठून राहतं. म्हणून पॅनलच्या दारावर किंवा ड्राइव्हवर जितकी मिनिटं थांबायला लिहिलंय तितकी थांबायचीच. आणि थांबल्यावरही हात लावण्याआधी मीटरने मोजून खात्री करायची. मेन स्विचला कुलूप लावायचं, चावी काम करणाऱ्याच्या खिशात.

दुसरी गोष्ट : मोटरचा कनेक्टर काढण्याआधी किंवा ब्रेक सोडण्याआधी रोबोटच्या हाताला खालून आधार द्या. उभ्या ॲक्सिसचा हात ब्रेकवरच टिकलेला असतो. ब्रेक सुटला की तो खाली येतो, आणि खाली कोण उभं आहे ते बघत नाही.

पायरी ० : बंद करू नका, फोटो काढा

अलार्म आला की आपला पहिला हात जातो मेन स्विचकडे. बंद-चालू करून बघू! थांबा. आधी मोबाईल काढा.

टीच पेंडंटवरच्या अलार्मचा फोटो. अलार्म हिस्टरीचा फोटो. पॅनलमधल्या कार्डांवर कुठले एलईडी पेटलेत, त्याचा दाराबाहेरून व्हिडिओ. आणि ऑपरेटरला विचारून एका कागदावर लिहा : त्या वेळी रोबोट कुठल्या जागी होता, हलत होता की उभा होता, पाऊस होता का, लाईट गेली होती का, शेजारचं मोठं मशीन सुरू झालं होतं का.

हिस्टरी वाचताना एक युक्ती. एकाच मिनिटात पाच अलार्म आले असतील तर सगळ्यात आधी आलेला शोधा. बाकीचे चार त्याच्या मागोमाग आलेले असतात. बहुतेक स्क्रीनवर नवीन अलार्म वर आणि जुना खाली असतो, म्हणजे खालून वर वाचायचं.

अलार्म नंबर म्हणजे दिशा. उदाहरण म्हणून फानुकच्या कंट्रोलरवर एसआरव्हीओ-००४ म्हणजे कुंपणाचा दरवाजा उघडा, एसआरव्हीओ-०४५ म्हणजे ड्राइव्हमध्ये जास्त करंट, एसआरव्हीओ-०४७ म्हणजे व्होल्टेज कमी, एसआरव्हीओ-०६२ म्हणजे एन्कोडरची बॅटरी शून्यावर. चार अलार्म, चार वेगळ्या जागा. तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये अशीच यादी असते. ती पीडीएफ आजच मोबाईलमध्ये घेऊन ठेवा.

पायरी १ : घरात येणारी लाईट

सगळ्यात सोपी तपासणी, आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी. कंट्रोलरच्या इनकमरवर तिन्ही फेज एकमेकांत मोजा : आर-वाय, वाय-बी, बी-आर. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक जोडी बरोबर आणि दोन कमी दिसल्या तर एक फेज गेलीय किंवा कुठेतरी स्क्रू ढिला आहे.

फ्यूज गेला की नाही हे नुसतं डोळ्याने ठरवू नका. पुरवठा बंद असताना फ्यूज काढून कंटिन्युइटी बघा. आणि फ्यूज उडालेला सापडला तर आनंदाने नवीन टाकून मोकळं होऊ नका. फ्यूज का उडाला ते विचारा. मोठ्या रेटिंगचा फ्यूज किंवा तार तर कधीच नाही. तो फ्यूज तुमच्या कार्डाच्या जागी मरायला ठेवलेला असतो.

आता समजा आकडे बरोबर आहेत, पण लो व्होल्टेजचा अलार्म दिवसातून दोनदा येतोय. मग एकदा मोजून कळणार नाही. चांगल्या मल्टिमीटरमध्ये मिन-मॅक्स असं बटण असतं. ते लावून मीटर दोन तास ठेवा. शेजारच्या स्पॉट वेल्डरने किंवा कॉम्प्रेसरने स्टार्ट घेतला की व्होल्टेज किती खाली बसतं ते पकडलं जाईल. इथे दोष रोबोटचा नाही, तुमच्या वायरिंगचा किंवा लोडच्या वाटणीचा आहे.

पायरी २ : २४ व्होल्ट डीसी

मोठं व्होल्टेज मोटर फिरवतं, पण कंट्रोलरचा मेंदू, रिले, सेन्सर, ब्रेक हे सगळं बहुतेक ठिकाणी २४ व्होल्टवर चालतं. ते देतो एसएमपीएस. हा पॅनलमधला सगळ्यात गपगुमान म्हातारा होणारा भाग.

आपल्याकडे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. बुधवारी रात्रीपर्यंत रोबोट ठणठणीत, शुक्रवारी सकाळी स्विच टाकला तर स्क्रीनच येत नाही. असं का होतं? एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. चालू असेपर्यंत ते कसंबसं ओढतात. एकदा थंड झाले की नव्याने उचलण्याइतका दम उरलेला नसतो. म्हणून बंद पडला न म्हणता सुट्टीनंतर चालू झाला नाही असं लिहून ठेवा. या एका वाक्याने तपासणीचा अर्धा रस्ता कापला जातो.

मोजायचं कसं? एसएमपीएसच्या आउटपुटवर, लोड लावलेला असताना. लोड काढून २४ दिसले तर त्याचा काही उपयोग नाही. मग तेच व्होल्टेज लांबच्या टोकाला, म्हणजे कार्डाच्या कनेक्टरवर मोजा. एसएमपीएसवर २४ आणि कार्डावर २१ असेल, तर मधे कुठेतरी ढिला स्क्रू किंवा काळवंडलेला कनेक्टर आहे. कार्ड बिचारं उपाशी आहे, मेलेलं नाही.

आणि एसएमपीएसचा दिवा लुकलुकत असेल तर? बऱ्याचदा पुढे शॉर्ट असतो. एसएमपीएस उठायचा प्रयत्न करतो, शॉर्ट बघून पुन्हा बसतो. इथे अर्ध्या-अर्ध्याची पद्धत वापरा. पुरवठा बंद करून २४ व्होल्टच्या निम्म्या शाखा काढा, चालू करा. उठला? मग शॉर्ट काढलेल्या अर्ध्यात आहे. त्याचे पुन्हा दोन भाग करा. आठ शाखा असतील तर तीन फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. पुष्कळदा तो पॅनलमध्ये नसतोच. ग्रिपरच्या सेन्सरची केबल हाताबरोबर वाकून वाकून आतून तुटलेली असते. रोबोट एका ठरावीक पोझिशनला गेला की एरर येत असेल, तर सगळ्यात आधी संशय हलणाऱ्या केबलवर घ्या.

पायरी ३ : सेफ्टीची साखळी

इमर्जन्सी स्टॉप, पेंडंटचा डेडमॅन स्विच, कुंपणाचा दरवाजा, लाईट कर्टन. या सगळ्यांची मिळून एक साखळी असते आणि ती दुहेरी असते. म्हणजे दरवाजाच्या एकाच स्विचमध्ये दोन संपर्क, दोन वेगळ्या तारा. दोन्ही एकदमच उघडले आणि एकदमच मिटले पाहिजेत. एक मिटला आणि दुसरा मागे राहिला, तर कंट्रोलरला वाटतं, "इथे काहीतरी गडबड आहे", आणि तो मोटरची पॉवर देत नाही.

बघणाऱ्याला वाटतं सेफ्टी बोर्ड गेला. प्रत्यक्षात दरवाजा लटकलाय आणि स्विच नीट दाबला जात नाही, किंवा संपर्कावर ग्राइंडिंगची धूळ बसलीय. पुरवठा बंद करून, स्विचच्या तारा मोकळ्या करून, दोन्ही संपर्क एकेक करून मीटरवर तपासा. दरवाजा हळू हळू लावून बघा. दोघांच्या वेळेत फरक दिसला की दोष सापडला.

आणि इथे हात जोडून सांगतो. टर्मिनलवर जंपर टाकून सेफ्टी बायपास करू नका. आजचं डिस्पॅच काढून उद्या काढतो म्हटलेला जंपर वर्षभर तसाच राहतो, हे मी पाहिलंय. आत फिक्स्चर साफ करणारा पोरगा कुणाचा तरी मुलगा असतो. ऑर्डर पुन्हा मिळते.

पायरी ४ : ड्राइव्ह, केबल आणि मोटर

भोसरीचा प्रसंग आठवा. ओव्हरकरंटच्या अलार्ममध्ये तीन संशयित असतात : ड्राइव्ह, केबल, मोटर. त्यांना वेगळं केल्याशिवाय एकही बदलायचा नाही.

पहिली चाचणी. पुरवठा बंद, डीसी बस रिकामी, हाताला आधार. ड्राइव्हवरून मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू तारा काढून त्यांची टोकं इन्सुलेट करा. मग फक्त पॉवर द्या, रोबोट चालवू नका. अलार्म तसाच आला तर संशय ड्राइव्हवर. अलार्म बदलला किंवा गेला तर संशय केबल आणि मोटरवर.

दुसरी चाचणी, मेगर. काढलेल्या तारांवर ५०० व्होल्टचा मेगर लावून प्रत्येक फेज ते अर्थ मोजा. सर्वो मोटरसाठी साधारण वापरला जाणारा हिशोब असा : १०० मेगाओहमच्या वर असेल तर तब्येत चांगली. १० ते १०० मध्ये म्हातारपण सुरू झालंय, लक्ष ठेवा. १ ते १० मध्ये बदलायची तयारी करा. १ च्या खाली असेल तर चालवू नका. आकडा खराब आला तर मोटरच्या टोकाचा कनेक्टरही काढा आणि केबल वेगळी, मोटर वेगळी मोजा. भोसरीत असंच केलं तेव्हा मोटर निर्दोष सुटली.

पण लक्षात ठेवा, मेगर ड्राइव्हला जोडलेला असताना कधीच मारायचा नाही, आणि एन्कोडरच्या तारांवर तर मुळीच नाही. चांगलं कार्ड तुम्ही स्वतःच्या हाताने जाळाल.

तिसरी चाचणी, तिन्ही फेजचा आपसातला रेझिस्टन्स. आकडा लहान असतो, पण तिन्ही सारखे हवेत. एक वेगळा दिसला तर वाइंडिंग किंवा कनेक्टर.

चौथी, ड्राइव्हची. पूर्ण डिस्चार्ज झालेल्या ड्राइव्हवर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल प्रोब डीसीच्या मायनसवर आणि काळी एकेक करून यू, व्ही, डब्ल्यूवर. मग काळी प्लसवर आणि लाल एकेक करून तिघांवर. सहाही वेळा जवळजवळ सारखं, अर्ध्या व्होल्टच्या आसपासचं रीडिंग यायला हवं. कुठे शून्य आलं तर आयजीबीटी शॉर्ट आहे. आता तुम्ही पुराव्यानिशी म्हणू शकता की ड्राइव्ह गेला. आणि केबल, मोटर चांगली आहे हेही तुमच्याकडे लिहिलेलं आहे, म्हणजे नवीन ड्राइव्ह टिकेल.

ऑपरेटरसाठी नियम भिंतीवर लावा : ओव्हरकरंटचा अलार्म दुसऱ्यांदा आला की रीसेट नाही, फोन. प्रत्येक रीसेटला त्या आयजीबीटीवर शॉर्टचा एक घाव बसतो.

पायरी ५ : बॅटरी आणि बॅकअप

अनेक रोबोटच्या एन्कोडरला आपली जागा लक्षात ठेवायला बॅटरी लागते. कंट्रोलर चालू असताना ती फारशी खर्च होत नाही, बंद असताना होते. म्हणून बॅटरीचा बळी दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसतो. बॅटरी संपली की रोबोट आपलं शून्य विसरतो आणि मास्टरिंग पुन्हा करावं लागतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत, बहुतेक वेळा वर्षातून एकदा, ती बदला. अशा रोबोटची बॅटरी साधारणपणे कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉप दाबून बदलतात. बंद करून काढली तर तेच होईल जे टाळायचं होतं.

आणि बॅकअप! काही कंट्रोलरमध्ये प्रोग्राम मेन बोर्डवरच्या बॅटरीवर टिकलेले असतात. बॅकअप न घेता बोर्ड काढला, तर वर्षभराचे वेल्डिंग प्रोग्राम गेले. कार्ड विकत मिळतं, प्रोग्राम मिळत नाहीत.

आता धंद्याचा हिशोब

वरच्या पाच पायऱ्यांना एका चांगल्या माणसाचा साधारण एक दिवस लागतो. समजा तुमचा रोबोट दिवसाला ८,००० रुपयांचं काम काढतो आणि कार्ड ९०,००० चं आहे. एक दिवस मोजण्यात घालवला तर ८,००० गेले. न मोजता चुकीचं कार्ड मागवलं आणि ते यायला सहा दिवस लागले, तर ४८,००० आणि वर ९०,०००, म्हणजे १,३८,०००. एवढं करून रोबोट बंदच. तुमचे आकडे घालून हा हिशोब स्वतः करा, वहीत.

सर्व्हिसवाल्यावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. चांगला माणूस या प्रश्नांनी खूश होतो. त्याला विचारा :

१. पहिला अलार्म कुठला होता?
२. इनकमिंगचे तिन्ही आकडे आणि लोडवरचे २४ व्होल्ट किती आले?
३. मेगरचं रीडिंग किती, केबलचं वेगळं आणि मोटरचं वेगळं?
४. हे कार्ड कशामुळे गेलं, आणि ते कारण दूर झालं का?
५. बॅकअप घेतला का, मला पेन ड्राइव्हवर दिला का?

उत्तरं आकड्यांत आली तर पैसे आनंदाने द्या, आणि तो माणूस सोडू नका. उत्तर आलं, "अनुभवावरून सांगतो शेठ", तर म्हणा, "अनुभव मान्य आहे दादा, पण एकदा मीटर लावूया."

या आठवड्याचं होमवर्क

रोबोट चालू असताना, काहीही बिघडलेलं नसताना, हे करा. बॅकअप घ्या. बॅटरी बदलल्याची तारीख पॅनलच्या दारावर आतून चिकटवा. पंख्याची जाळी काढून साफ करा, कारण आतली उष्णता कपॅसिटरचं आयुष्य खाते. पुढच्या सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून सगळ्या मोटर केबलचं मेगर रीडिंग घेऊन लिहून ठेवा. चांगल्या दिवसाचा आकडा हाताशी असेल तरच वाईट दिवशी फरक कळतो. आणि हो, केबलच्या मागे एकदा स्वतः चालत जा. तिच्यावरून पॅलेट ट्रक जात नाही ना, बघा.

पुढच्या व्हिडिओत वार्षिक मेंटेनन्सचा करार करताना कागदावर काय लिहून घ्यायचं ते बघू. तोपर्यंत, आधी मीटर, मग कार्ड.

भेटूया. जय महाराष्ट्र!